तोरणाखाली झोपलेली गाडी

पोळ्याच्या दिवशी दुपारी पुंडलिकरावांनी गाडीचं बटन दाबलं आणि गाडी चक्क पहिल्याच झटक्यात चालू झाली. घरात या गोष्टीचा इतका आनंद झाला, की प्रेमलताबाई तव्यावरची पुरणपोळी तशीच सोडून पूजेची थाळी घेऊन बाहेर धावल्या.

"आता बंद नोका करू," त्या धापा टाकत म्हणाल्या. "चालू गाडीचीच पूजा करून घेऊ. बंद केली अन् रुसली तं?"

"रुसायले थे काय नवरी हाय?" पुंडलिकराव म्हणाले खरे, पण इंजिन बंद करायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

गाडी मोठी होती. काळी, उंच, आत थंडगार, आणि परदेशी नावाची. ते नाव गावात तीन प्रकारे उच्चारलं जायचं आणि तिन्ही चुकीचे असावेत असा सगळ्यांचा अंदाज होता. गेल्या दिवाळीत नागपूरच्या एका शेठकडून पुंडलिकरावांनी ती घेतली. शेठनं ती देताना डोळ्यांत पाणी आणलं होतं. ते विरहाचं असावं असं तेव्हा पुंडलिकरावांना वाटलं. आनंदाचंही असू शकतं, हे पुढं हळूहळू कळत गेलं.

कारण गाडी चालू होणं हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर होतं. लग्नाला जाताना ती चालू व्हायची, येताना नाही. सौंसरच्या बाजारात नेमकी चौकात बसायची. चैत्रात सगळं घर तिच्यातून जामसांवलीला गेलं. देवळात मारुतीराया आडवा पहुडलेला, दर्शन घेऊन बाहेर येऊन पाहतात तर गाडीनंही तसंच अंग टाकलेलं. चपला, पिशव्या, प्रसादाचा नारळ, ज्याच्या हातात जे होतं ते म्हातारीच्या पदरात टाकून बाकीची मंडळी ऊन उतरेपर्यंत गाडीला धक्के मारत होती. म्हातारी म्हणजे पुंडलिकरावांची माय, इंदूबाई. ती लिंबाखाली बसून सुपारी कातरत सगळं बघत होती. पांढुर्ण्याचा आशिष मेकॅनिक प्रत्येक वेळी यायचा, बोनेट उघडायचा, बराच वेळ आत पाहायचा आणि म्हणायचा, "भाऊ, सेन्सर असन."

या गाडीला किल्ली लावायला भोकच नव्हतं. किल्ली म्हणजे चिंचोक्यासारखा काळा, गुळगुळीत तुकडा. तो जवळ आला की गाडी मालकाला ओळखायची. दिवे मिचकावायची, मिटलेले आरसे कानांसारखे बाहेर काढायची. तुकडा दूर गेला की आरसे पुन्हा मिटून, दारं लावून गप्प. आणि तो गाडीच्या आत असल्याशिवाय बटन कितीही दाबा, उपयोग नाही. आता चालू गाडीची पूजा होती म्हणून तोही लाल नाडा बांधून, हळदकुंकू लावून पूजेच्या थाळीत बसला होता.

आजचा दिवस साधा नव्हता. रामाकोन्याजवळच्या या गावात पोळ्याचा पहिला मान पुंडलिकरावांच्या घराचा होता, आजोबांच्या वेळेपासून. त्यांची जोडी तोरणाखालून गेली की तोरण तुटायचं, पोळा फुटायचा आणि मग बाकीच्या बैलांनी हलायचं. पण पुंडलिकरावांनी आता शेतीला ट्रॅक्टर लावला होता. संत्र्याच्या बागेत बैलाला काम उरलं नाही म्हणून उन्हाळ्यात त्यांनी हौशा आणि मोत्या ही आपली जोडी गल्लीतल्याच वसंताला विकून टाकली. मग गावात प्रश्न उभा राहिला.

तो उभा केला भूपेंद्रनं. त्याच्या गोठ्यात चार जोड्या होत्या आणि मानावर त्याचा डोळा जुना होता. "ज्याच्या दावणीले बैल नाही त्याचा मान कायचा?" त्यानं मंदिरासमोरच्या बैठकीत विचारलं.

"माह्या गाडीत दोनशे घोड्यायची ताकद हाय," पुंडलिकराव म्हणाले होते. "दोन बैलाच्या जागी दोनशे घोडे आणून राहिलो. अजून काय पाहिजे तुले?"

शेवटी निवाडा यशवंतराव गुरुजींवर आला. बैठकीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते, म्हणून ते अजूनही कोणाशी वाद घालत नसत, नुसतं समजावून सांगत. "पुंडलिकची गाडी तोरणाखालून गेली, तर मान त्याच्या घरी राहील," ते म्हणाले. "दिवस बुडेपर्यंत नाही गेली, तर पुढच्या वर्षापासून भूपेंद्रचा. पटलं?"

दोघांनाही पटलं, कारण दोघांनाही आपणच जिंकणार असं वाटत होतं.

तर, दारात गाडी गुरगुरत होती. प्रेमलताबाईंनी तिला ओवाळलं, बोनेटवर स्वस्तिक काढलं, पुढच्या काचेशी आतून झेंडूची माळ ठेवली. तेवढ्यात वसंताही हौशा-मोत्याला घेऊन दारात आला. त्याला इंदूबाईंनीच बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी म्हातारी तूप-हळदीची वाटी घेऊन त्याच्या गोठ्यात गेली होती. हौशा-मोत्याचे खांदे मळून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्यांच्या कानात सांगून आली होती. बैल विकले म्हणून आवतन द्यायचं नाही, असं कुठं लिहिलंय?

हौशानं जुनं दार ओळखलं. थेट ओट्यापाशी येऊन त्यानं मान खाली घातली. इंदूबाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळी कुंकू लावलं, थाळीतलं काहीबाही उचलून त्याच्या घुंगरमाळेला बांधलं आणि बराच वेळ त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत बसल्या. पुंडलिकराव त्या बाजूला बघतच नव्हते. हौशानं त्यांच्याकडे पाहिलं, की त्यांना लगेच कसलं तरी काम आठवायचं.

"आई, किल्ली?" प्रेमलताबाईंनी रिकामी थाळी उचलत विचारलं.

"जिथं पाहिजे तिथं ठेवली बाई," इंदूबाई म्हणाल्या. "जाऊ दे त्याले, उशीर होऊन राहिला."

पुंडलिकरावांनी फेटा सारखा केला आणि गाडी काढली. गाडी टूं टूं करू लागली, पडद्यावर लाल अक्षरं उमटली. पण ती नेहमीच कशा ना कशासाठी टूं टूं करायची. पट्टा लावला नाही, दार नीट लागलं नाही, मागं कोंबडी आली. पुंडलिकरावांनी तिचं बोलणं मनावर घेणं कधीच सोडून दिलं होतं.

मंदिरासमोरच्या मोकळ्या आखरावर सगळं गाव जमलं होतं. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. मागं बैलांची रांग. शिंगांना बेगड, अंगावर झुली, कपाळावर बाशिंगं. गाडी हळूहळू रांगेच्या पुढं आली. पुंडलिकरावांनी काच खाली करून डावीउजवीकडे नमस्कार घातले. काही जणांनी ते घेतले, काहींनी पुढच्या माणसाकडे जाऊ दिले. बोनेट तोरणाखाली शिरलं, आणि माइकवरून गुरुजी म्हणाले, "पुंडलिक, जरा इंजिन बंद कर बाबा. आरती होऊन जाऊ दे. धुरानं बैल बुजतात."

गुरुजींचा शब्द शाळेतही मोडला नव्हता. पुंडलिकरावांनी इंजिन बंद केलं.

आरती झाली. प्रसाद वाटला गेला. "हं, चला," गुरुजी म्हणाले.

पुंडलिकरावांनी बटन दाबलं. गाडी हूं की चूं करेना. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. हळूच, बेसावध असताना दाबावं तसं दाबलं. गाडी ढिम्म.

"काय गा, झोपली का?" मागून कोणी तरी विचारलं.

"झोपली नाही. विचार करून राहिली," पुंडलिकराव म्हणाले.

पोरांनी धक्का मारला. पण या जातीची गाडी बंद झाली की तिची चाकं आतून आवळून बसतात. दहा जणांनी रेटली तरी ती नुसती डुलली, जागची हलली नाही. भूपेंद्रनं मोठ्या मनानं स्वतःचा ट्रॅक्टर आणवला. ओढायचा दोर बांधायला गाडीला आकडा कुठं दिसेना. आकडा मागच्या डिक्कीत असतो, असं पुंडलिकरावांना आठवलं. डिक्की बटनानं उघडायची, आणि बटनाचं आज असं होतं.

"मंग एखादी जोडी जुंपा ना समोर," गर्दीतून एक आवाज आला.

सगळ्या आखरानं माना वळवल्या. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं? बोलणारा कोण म्हणून पाहिलं, तर कोणाचा तरी शहरातला जावई निघाला. जावई असल्यामुळे कोणी काही बोललं नाही. नुसतं त्याला सावलीत नेऊन पाणी पाजलं.

पुंडलिकरावांनी आशिषला फोन लावला.

"भाऊ, सेन्सर असन," आशिष पलीकडून म्हणाला.

"मंग ये ना लवकर."

"आज पोळा हाय भाऊ. उद्या आमची गोटमार, दगडफेकीची जत्रा. परवा सकाळी येतो."

"परवापर्यंत काय गाव तोरणाखाली उभं ठेवू?"

"बैलायले पाणी पाजत राहा," आशिषनं सल्ला दिला आणि फोन ठेवला.

मग कंपनीचा मदतीचा नंबर लावला. बराच वेळ बासरी ऐकू आली. नंतर एक मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "सर, क्या आप इस समय किसी सुरक्षित स्थान पर हैं?"

पुंडलिकरावांनी आरशात पाहिलं. मागं गावातले सगळे बैल, बाजूला मिशीवर ताव देणारा भूपेंद्र. "बिलकुल नहीं," ते म्हणाले.

"तो सर, पहले गाड़ी को किसी छायादार जगह पर ले जाइए."

"वही तो नहीं जा रही, बेटा."

"समझ सकती हूँ, सर. चाबी गाड़ी के अंदर है?"

"अंदरच है. रोज रहती है," पुंडलिकराव ठामपणे म्हणाले, कारण घरातून निघताना मायनं ती जागेवर ठेवली हे त्यांनी अर्धवट ऐकलं होतं. मुलीनं तक्रार लिहून घेतली आणि आमच्या सेवेनं तुम्ही किती समाधानी आहात ते विचारलं.

आता पोळ्याला जमलेला गडी किती वेळ गप्प राहणार? आमच्याकडे तोरणाखाली उभं राहून झडत्या म्हणायची रीत आहे. ज्याला जे बोलायचं ते गाण्यात बोलून घ्यायचं, आणि त्याचा राग धरायचा नाही. भूपेंद्रनं कानावर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं,

"काळी गाडी, काळे काच, आतमंधी गार वारा,
हालत नाही, डुलत नाही, खात नाही चारा;
धनी दाबे बटन तिचं, थे म्हणे उद्या या,
बैल म्हणून राहिले आमचे, बाई बाजूले व्हा...
हर बोला, हर हर महादेव!"

सगळ्या आखरानं महादेवाचा गजर केला. पुंडलिकरावांनीही, केला नाही तर बरं दिसणार नाही म्हणून, केला. ऊन पिवळं पडायला लागलं होतं. आजोबांचा मान आपल्या हातून, तेही बसल्या जागी, जाणार हे त्यांना दिसू लागलं. जोडी विकली त्या दिवशी माय जेवली नव्हती. पोट बरं नाही म्हणाली होती. तेव्हा त्यांनी तिला पाचक चूर्ण आणून दिलं होतं. ते चूर्ण आत्ता का आठवावं, त्यांना कळेना.

इकडे रांगेच्या शेवटी वेगळाच गोंधळ चालला होता. वसंता छोटा शेतकरी, म्हणून त्याची जागा मागं. वसंताला ती मान्य होती. हौशाला नव्हती. हौशा आठ वर्षं या तोरणाखालून सगळ्यांत पहिला गेलेला बैल. पुढं मंदिर, पुढं तोरण, आणि आपण मागं का उभं आहोत, हे त्याच्या डोक्यात शिरेना. उशीर झाला तशी त्यानं मान झटकली आणि निघाला. मागोमाग मोत्या. दोन्ही कासरे धरून वसंता त्यांच्यामागं फरफटत.

"अबे हौशा, थांब ना बापा. आपली जागा मांगं हाय. ऐकून राहिला का?"

हौशा ऐकून राहिला नव्हता. तो थेट गाडीपाशी आला, आणि गाडीनं दिवे मिचकावले. कुईक असा आवाज करून मिटलेले आरसे बाहेर काढले.

"जागी झाली!" लोक ओरडले. खाली उभे असलेले पुंडलिकराव उडी मारून आत बसले, दार ओढलं. पण तोवर ओशाळलेल्या वसंतानं सगळा जोर लावून हौशाला मागं नेलं होतं. बटन दाबलं तर गाडीनं आरसे मिटले, खटाखट सगळी दारं लावली आणि झोपली. दारं आतूनही उघडेनात. पुंडलिकराव चुळबुळले. त्याबरोबर आपल्या पोटात कोणी तरी चोर शिरलाय असं समजून गाडीनं भोंगा सुरू केला.

तो भोंगा ऐकून बैल बुजले, म्हाताऱ्या उठल्या, कुत्री मंदिरामागं पळाली. पुंडलिकराव उघड्या काचेतून आधी फेटा, मग डोकं, मग पोट अशा क्रमानं बाहेर येऊ लागले. पोटापाशी काम थोडं अडलं. भूपेंद्रनंच हात धरून त्यांना ओढून काढलं. शेवटी गाव एकच, आणि भोंगा त्यालाही सहन होत नव्हता.

आणि भोंग्याला न घाबरता, उलट त्या दिशेनंच, हौशा पुन्हा आला. तो जवळ येताच भोंगा बंद. दिवे लुकलुक. कान बाहेर.

गर्दीत कोणी तरी हात जोडले. "महादेवाचा नंदी हाय बापा. गाडी त्याले नमस्कार करून राहिली." एका बाईनं पुढं होऊन गाडीला हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं हौशाला. भूपेंद्रच्या मिशीवरचा हात खाली आला.

"थांबा," माइकवरून गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात पन्नास वर्षांचा वर्ग होता. "नमस्कार मग करू, तो कुठं पळत नाही. आधी नीट पाहून घेऊ. पोरांनो, समोर या. खाली बसा. बोलायचं नाही, फक्त पाहायचं."

पोरं गाडीसमोर मांडी घालून बसली. काही मोठी माणसंही सवयीनं बसली.

"भूपेंद्र, तुझा एक बैल आण गाडीजवळ. काय झालं?"

"काई नाही," पोरं म्हणाली.

"आता मोत्याला आण, वसंता. काय झालं?"

"काईच नाही."

"आता हौशा."

"डोळे उघडले!"

"ने दूर. हं?"

"झोपली!"

"छान. म्हणजे बैल आला म्हणून गाडी उठत नाही. हौशा आला म्हणून उठते," गुरुजी म्हणाले. "आता सांगा, हौशाजवळ असं काय आहे, जे मोत्याजवळ नाही? घाई नाही. एकेकानं सांगा."

"शिंग वाकडं हाय."

"त्याची शेपटी लांब हाय, गुरुजी."

"थो खूप खातो."

"त्याच्या घुंगरायमंधी काळं काई तरी लटकून राहिलं," पूजा नावाची एक पोर म्हणाली. "लाल नाड्याचं. मोत्याले नाही."

पुंडलिकरावांनी पाहिलं. पितळी घुंगरांच्या मधोमध, हळदकुंकवानं माखलेली, त्यांच्या गाडीची किल्ली हौशाच्या गळ्यात डुलत होती.

"माय," ते म्हणाले, "हे तू बांधलं?"

इंदूबाई बायकांच्या घोळक्यात पुढंच बसल्या होत्या. "मले काय माहीत बापा," त्या म्हणाल्या. "मले वाटलं नजरेचा गंडा हाय. किल्लीले दात असते."

आखरावर असं हसू फुटलं की तोरणही हललं. पुंडलिकराव हौशाच्या गळ्याकडे हात पुढं करून धावले. पण मध्ये वसंता आला. भिडस्त माणूस, एरवी त्यांच्यासमोर चप्पलही काढून उभा राहायचा. पण आज कासरा त्याच्या हातात होता.

"भाऊ, राग नोका मानू," तो म्हणाला. "पोळा फुटेपर्यंत बैलाचा साज काढत नसते. तुमीच सांगितलं होतं मले, जोडी देताना."

"अरे पण थे साज नाही, किल्ली हाय."

"गळ्यात बांधलं म्हणजे साजच," भूपेंद्रनं संधी साधली. "रीत म्हणजे रीत. काऊन गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "रीत तर तीच आहे," ते म्हणाले. सूर्य मंदिराच्या कळसाला टेकला होता. "साज निघणार नाही, आणि किल्ली आत गेल्याशिवाय गाडी निघणार नाही. मग काय करता येईल? विचार करा पोरांनो."

"हौशालेच आत बसवा," एक पोरगा म्हणाला आणि सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या उघड्या काचेकडे पाहिलं, मग हौशाच्या मानेकडे.

"पूर्ण नको," ते म्हणाले. "मानेपुरता पुरे."

पुंडलिकराव गाडीत बसले. वसंतानं हौशाला काचेशी आणलं. हौशानं थोडा वेळ धन्याकडे पाहिलं. आज पळायला जागा नव्हती, म्हणून पुंडलिकरावांनीही त्याच्याकडे पाहिलं. मग हौशानं शिंगं तिरपी करून मुंडकं आत घातलं, त्यांच्या खांद्यावरून लांब श्वास सोडला आणि काचेजवळची झेंडूची माळ खायला सुरुवात केली.

"चल बापा हौशा," पुंडलिकराव हळूच म्हणाले आणि बटन दाबलं.

गाडी चालू झाली. खरं तर नांगराला जोडी जुंपताना ते रोज अगदी असंच म्हणायचे, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

मोत्याला कोणी काही सांगितलं नाही. जन्मभर तो जोडीत डावीकडे चाललेला. हौशा उजव्या काचेशी उभा राहिलेला पाहून तो गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि पाय रोवून उभा राहिला. दोघांच्या मध्ये गाडी. "हं," वसंता म्हणाला, आणि तिघं निघाले. हौशा चालेल तेवढं गाडीनं चालायचं, तो थांबला की थांबायचं. दोनशे घोडे बैलाच्या पावलानं तोरणाखालून गेले. तोरण तुटलं, आंब्याची पानं झुलीवर, बोनेटवर आणि पुंडलिकरावांच्या उघड्या टकलावर पडली. मागं ढोल वाजू लागला. पोळा फुटला.

भूपेंद्रनं शेवटचा प्रयत्न केला. "पण गुरुजी, पहिलं गेलं कोण? गाडी का बैल?"

गुरुजींनी पोरांकडे पाहिलं.

"संगंच गेले," पोरं म्हणाली.

"ऐकलंस? गाडी पुंडलिकची, जोडी वसंताची. म्हणजे पुढच्या वर्षीपासून मान दोन्ही घरांचा," गुरुजी म्हणाले.

वसंता घाबरून पुंडलिकरावांकडे पाहू लागला. पुंडलिकरावांनी चुरगळलेला फेटा झटकला, नीट केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "पुढच्या वर्षी तू समोर राहा," ते म्हणाले. "मी गाडी आणत नाही. माह्यानं काचेतून निघणं होत नाही." भूपेंद्र हसला, आणि ढोल त्याच्याच अंगणात आधी गेला, त्यामुळे त्याचंही समाधान झालं.

दिवेलागणीला हौशा-मोत्या आवतनाप्रमाणे जेवायला आले. इंदूबाईंनी सुपातून पुरणपोळ्या त्यांच्यासमोर धरल्या. पुंडलिकरावांनी स्वतः हौशाच्या गळ्यातली किल्ली सोडली, पदरच्या माणसाला द्यावी तशी वसंताच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, ठेवली आणि गाडी शेडमध्ये लावायला निघाले. किल्ली हातात, बटनावर बोट. गाडी ढिम्म.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग किल्लीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि अंगणात हाक मारली, "वसंता, जेवण झालं का रे हौशाचं? मंग जरा इकडे आण त्याले."

"सेन्सर असन भाऊ," वसंता गंभीरपणे म्हणाला आणि कासरा उचलला.

ओट्यावर प्रेमलताबाई परात घासत होत्या. त्यांच्या डोक्यात दुपारपासून काही तरी फिरत होतं. त्या हळूच सासूजवळ सरकल्या.

"आई, एक विचारू? जामसांवलीले गाडी बसली होती, तवा थे काळी किल्ली तुमच्याच पदरात होती ना? दिवसभर सांभाळून बसल्या होत्या तुमी."

इंदूबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"अन् आज मी विचारलं, तं म्हणाल्या, जिथं पाहिजे तिथं ठेवली."

"मंग खोटं थोडी बोलली मी," इंदूबाई म्हणाल्या. शेडच्या बाजूनं घुंगरांचा आवाज येत होता, मागोमाग पुंडलिकरावांचा, 'चल बापा हौशा.' म्हातारी कान देऊन ऐकत राहिली. "थे गाडी आज कुठं ना कुठं अडणारच होती, सूनबाई. माह्या पोराची गाडी मले माहीत नाही का? मी फक्त थे कोणासाठी अडन, तेवढं ठरवलं."